विमानाच्या पंखांवर सोलर पॅनल: ही आयडिया स्टुडंट कॉम्पिटिशनला पाठवावी का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपूरचे चौघं, तिघं थर्ड इयर मेकॅनिकलला आणि एक मैत्रीण बी.कॉम.ला. प्रवासी विमानाच्या डिझाइनमधे सुधारणा सुचवायची एक आंतरराष्ट्रीय स्टुडंट कॉम्पिटिशन आहे, त्यात उतरून राहिले आहात. आयडिया अशी की पंखांवर सोलर पॅनल लावायचे आणि इंधन वाचवायचं. पाच पानांचं प्रपोजल सहा आठवड्यांत द्यायचंय. आणि विचारलंय की आयडिया पुरेशी इनोव्हेटिव्ह आहे का, कॉलेजात एरोनॉटिकल ब्रांच नाही, विंड टनेल (मॉडेलवर हवेचा झोत सोडून चाचणी घ्यायची सोय) नाही, तर पहिल्याच फेरीत बाद होऊ का, आणि बी.कॉम.वालीला टीममधे ठेवावं की काढावं.

मी 21 वर्षं विमान मेंटेनन्समधे आहे, त्यातली बरीचशी स्ट्रक्चर रिपेअरमधे गेली. आधी मुंबईत रात्रपाळ्या केल्या, मग नागपूरला परत आले, आणि गेली सात-आठ वर्षं इथल्या कॉलेजांच्या टीम्सना मदत करते, दोन-तीनदा परीक्षक म्हणूनही बसले. म्हणजे मी विमान डिझाइन करणारी नाही, दुसऱ्याने डिझाइन केलेलं विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं ठेवणाऱ्यांपैकी आहे. उत्तर त्या बाजूने येईल हे लक्षात घेऊन वाचा.

तुम्ही विचारलंय आयडिया नवीन आहे का. मला वाटतं तुम्हाला अडचण वेगळीच येणार आहे. विमानात एक गोष्ट बसवली की ती एकटी बसत नाही, तिच्यासोबत वजन येतं, वायरिंग येतं, तपासणी येते, आणि ती बंद पडली तर काय हा प्रश्न येतो. तुम्ही दाखवलेल्या पाच पानांच्या मसुद्यात काय वाचतं ते सगळं आलंय, काय वाढतं याचा एकही आकडा नाही. परीक्षक पहिल्यांदा तेच शोधतो, मी तरी तेच शोधते.

चला, तुमचंच सोलर घेऊन हिशोब करू, कारण हा हिशोब बारावीच्या फिजिक्सवर होतो आणि तो एकदा स्वतः केला की बाकी सगळं आपोआप कळायला लागतं. एअरबसचं ए320 घ्या, आपल्या सोनेगाव विमानतळावर दिवसभर दिसतं तेच. पंखाचं क्षेत्रफळ साधारण 122 चौरस मीटर. त्यातला पुढचा काठ सोडा कारण तिथं बर्फ वितळवायची गरम हवा फिरते, मागची हलणारी फ्लॅप-एलेरॉन सोडा, पॅनल लावता येईल अशी जागा धरा 80 चौरस मीटर. उंचीवर ऊन कडक, चौरस मीटरला 1.2 किलोवॅट धरा, चांगल्या सेलची एफिशियन्सी 22 टक्के धरा. आले 21 किलोवॅट, तेही सूर्य बरोबर डोक्यावर असताना. आता विमानाला क्रूझमधे, म्हणजे उंचीवर एकसारखं उडताना, लागतं किती? वजन 65 टन, लिफ्ट-ड्रॅग रेशो (उचल आणि हवेचा अडथळा यांचं प्रमाण) सतरा-साडेसतरा, वेग सेकंदाला 230 मीटर, वजनाच्या बलाला रेशोने भागा, वेगाने गुणा, साडेआठ मेगावॅटच्या आसपास येतं. म्हणजे तुमचं सोलर जेमतेम पाव टक्का भरतं.

मग तुम्ही म्हणाल (आणि मागच्या एका टीमने हेच म्हटलं होतं) की आम्हाला इंजिन चालवायचंच नाही, केबिनचे लाइट, स्क्रीन, चार्जिंग एवढंच चालवू. ठीक आहे, तोही हिशोब करू. ए320 च्या प्रत्येक इंजिनवर 90 केव्हीएचा जनरेटर असतो. त्याचं 21 किलोवॅटचं ओझं कमी केलं तर इंधन किती वाचेल? एक किलो इंधनात साधारण 12 युनिट ऊर्जा असते, त्यातली वीज होऊन हाती येते तिसरा हिस्सा धरा, म्हणजे चार युनिट. तर तासाला पाच किलो इंधन वाचलं. आता दुसरी बाजू. पॅनल, वरचं कोटिंग, चिकटवणं, केबल, कन्व्हर्टर मिळून चौरस मीटरला अडीच किलो धरले तर 200 किलो. विमानात जास्तीचं वजन वाहायला दर तासाला त्या वजनाच्या तीनेक टक्के इंधन जास्त लागतं असा एक ढोबळ हिशोब आम्ही लोक वापरतो, म्हणजे तासाला सहा किलो. वाचले पाच, गेले सहा. आणि हे भर दुपारचं. रात्रीच्या फ्लाइटला 200 किलो तसेच वाहायचे आणि मिळायचं शून्य.

हे आकडे ढोबळ आहेत, सेल हलके झाले तर गणित थोडं हलेल, पण कितीही हललं तरी हाती येणारा फायदा कागदावर बारीकच दिसेल. सोलर विमानं उडत नाहीत असं नाही, सोलर इम्पल्स 2 तर 2015 मधे अहमदाबाद आणि वाराणसीला उतरून पुढे जगप्रदक्षिणा करून आलं. पण त्याचा पंख 72 मीटरचा, वजन सव्वादोन टनांच्या आसपास आणि आत माणूस एक. आपल्याला पावणेदोनशे लोक दीडेक तासात मुंबईला पोचवायचे आहेत, दोन्हींचा कामधंदाच वेगळा आहे.

तर आयडिया फेकून द्यायची का? लगेच नाही. मी तुमच्या जागी असते तर हाच हिशोब पहिल्या पानावर टाकला असता, आम्ही इथून सुरू केलं, आकडे मांडले, म्हणून इथून वळलो. परीक्षकाला टीम विचार कसा करते हे त्या एका परिच्छेदात दिसतं. पण हे कॉम्पिटिशनच्या नियमांवर अवलंबून आहे. काही ठिकाणी कॉन्सेप्टची झेप बघतात, 2050 चं विमान काढा म्हणतात, तिथं आजच्या सेलच्या वजनाने हिशोब केला तर तुम्ही स्वतःलाच बांधून घ्याल. काही ठिकाणी पाच-दहा वर्षांत बसेल असं हवं असतं. नासाची ती 1 ते 9 ची टीआरएल पट्टी असते ना, तंत्रज्ञान किती पिकलंय हे सांगणारी, नियमांत तिचा उल्लेख असेल तर तुमची आयडिया कितव्या पायरीवर आहे ते सरळ लिहा, 2 असेल तर 2 लिहा, उगाच 6 लिहू नका.

आता जिंकलेल्यांकडे बघा. एअरबसची फ्लाय युअर आयडियाज नावाची स्टुडंट कॉम्पिटिशन 2008 मधे सुरू झाली. 2009 ला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीची टीम जिंकली, एरंडीपासून बनवलेलं कॉम्पोझिट मटेरियल (तंतू आणि राळ मिळून केलेलं) केबिनच्या आतल्या भागांसाठी. एरंडी म्हणजे आपली शेताच्या धुऱ्यावर उगवते तीच. 2013 ला ब्राझीलच्या साओ पावलोची टीम जिंकली, त्यांनी विमानाच्या कार्गो होल्डमधे हवेच्या गादीवर सामान सरकवायची योजना मांडली, कारण आत वाकून, गुडघ्यावर बसून बॅगा ओढणाऱ्या लोडरची कंबर जाते. एअर हॉकीच्या टेबलवरून सुचलं होतं ते. 2015 ला नेदरलँड्सच्या डेल्फ्टची टीम जिंकली, पंखाच्या थरथरीतून वीज काढणारे धागे कॉम्पोझिट स्किनमधे विणायचे. बघा, ही शेवटची तुमच्या आयडियाची जवळची बहीण आहे, पण त्यांनी दावा लाइट आणि एंटरटेनमेंट स्क्रीनसारख्या छोट्या सिस्टीमचा केला होता, इंजिनाचा नाही. दावा लहान आणि भक्कम होता. आणि आपल्याकडच्या पोरांनी तिथवर मजल मारलीच नाही असंही नाही, 2013 च्या फायनलमधे चेन्नईजवळच्या एसआरएमची टीम होती.

यातलं मला सगळ्यात भिडतं ते सामानाचं. पंखाला हात नाही, इंजिनाला हात नाही, जिथं कोणी कॅमेरा घेऊन जात नाही अशा होल्डमधे जाऊन बघितलं कोणीतरी. तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच की प्रॉब्लेम गूगलवर शोधू नका, ज्याला त्रास होतो त्या माणसाकडे शोधा. लोडर, केबिन साफ करणाऱ्या ताई, व्हीलचेअर ढकलणारे, लाइन मेंटेनन्सचे पोरं. विमानतळाच्या आत तुम्हाला कोणी सोडणार नाही, पण हे सगळे ड्यूटी संपली की वर्धा रोडवर चहा पितात. एक वही घेऊन दोन संध्याकाळी बसा.

मला कोणी विचारलं तर मी काय सांगेन ते सांगते. मोठ्या चेकला विमान हँगरमधे आलं की आम्ही सीट काढतो, कार्पेट काढतो, मग फ्लोअर पॅनल उचलतो. मधल्या भागात पॅनलखाली बहुतेक स्वच्छ असतं. पण गॅलीजवळचं (विमानातलं छोटं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटच्या दाराजवळचं पॅनल उचललं की वास येतो, शिळा चहा, ज्यूस, टॉयलेटचं पाणी. पॅनलचा सीलंट कडेने सुटलेला असतो, खाली सीट ट्रॅकच्या खाचेत काळपट चिकट थर, बिस्किटाचा चुरा, एखादं नाणं, आणि तो थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला की खाली पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं तेव्हा अशी पांढरी भुकटी पडते, टाल्कम पावडरसारखी दिसते, बोटाला लागते. मग ती साफ करा, धातू किती खोल गेला ते मोजा, मर्यादेत असेल तर घासून ट्रीट करा, मर्यादेबाहेर असेल तर तुकडा कापून नवीन जोडा. कपभर चहा सांडल्याचं बिल काही वर्षांनी असं निघतं, आणि तेवढे दिवस विमान जमिनीवर.

बोईंग 787 मधे यासाठी फ्लोअर बीम कार्बन कॉम्पोझिटच्या केल्या, आणि त्या बीम आपल्या मिहानमधे (विमानतळाशेजारच्या औद्योगिक भागात) बनल्या आहेत, तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं ते मला माहीत नाही पण माहीत असायला हवं. तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण कार्बन स्वतः गंजत नसला तरी ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला टेकला की अ‍ॅल्युमिनियमला खातो, म्हणून तिथं टायटॅनियम वापरावं लागतं किंवा मधे ग्लास फायबरचा थर द्यावा लागतो. आणि हजारो जुनी अ‍ॅल्युमिनियमची विमानं अजून वीस वर्षं उडणारच आहेत. गॅलीखालचा ओलावा पॅनल न उचलता कळेल असं काही, किंवा सांडलेलं खाली न जाता एका ठिकाणी गोळा होईल असा पॅनलचा काठ, यावर मेकॅनिकलचे तीन पोरं सहा आठवड्यांत खरंखुरं काम करू शकतात. नमुना घरी बनतो. एक चॅनेल, एक पॅनल, चहा, आणि दहा-बारा दिवस वाट बघायची.

पण तुमचं मन उन्हात आहे हे मला दिसून राहिलं, तर उन्हाचंच एक सांगते, फक्त उलट्या बाजूने. मे महिन्यात इथं पारा 45 ला जातो. अशा दुपारी विमान बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) येऊन उभं राहतं, इंजिन बंद. केबिन तापते, पाठीमागच्या सीटांवर बसवत नाही. थंड ठेवायला शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, चालू ठेवतात, आणि ते तासाला शंभर-सव्वाशे किलो इंधन पितं. आता तुमचे सोलरचे पाच किलो आठवा. एका टर्नअराउंडला (उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या थांब्याला) एपीयू दहा मिनिटं कमी चालला तर वीस किलोच्या आसपास वाचतं, आणि असे दिवसाला सहा-सात टर्नअराउंड एकाच विमानाचे होतात. बाहेरून थंड हवा देणाऱ्या गाड्या असतात, बऱ्याच मोठ्या विमानतळांवर बेलाच सोय असते, पण सगळीकडे नसते, असली तरी वेळेवर जोडली जात नाही, आणि जोडली तरी दोन्ही दारं उघडी असल्याने गरम हवा आत घुसतच राहते.

इथं नागपूरच्या माणसाला एक गोष्ट जन्मापासून माहीत असते ती म्हणजे कूलर. मे मधे आपली हवा इतकी कोरडी असते की 44 डिग्रीची हवा ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधून ओढली की अठ्ठावीस-तीसची होऊन येते, कॉम्प्रेसर नाही, फक्त पंखा आणि पाणी. तीच हवा विमानात सोडायची का? माझं उत्तर नाही, कारण वर सांगितलेली पांढरी भुकटी. ओली हवा केबिनमधे भरणं म्हणजे इन्सुलेशन ब्लँकेटमधे पाणी साठवणं. पण कूलरने थंड केलेल्या पाण्यातून पाइप फिरवून केबिनला जाणारी कोरडी हवा आधी थोडी उतरवून घेता येईल का, म्हणजे पुढच्या एसीवरचं ओझं कमी होईल? कदाचित. जुलैत ते चालणार नाही हे नागपूरच्या पोरांना सांगायला नको, आणि मुंबईत, कोच्चीत तर बाराही महिने चालणार नाही. मग कुठं चालेल? नागपूर, जोधपूर, आखाती देशांतले समुद्रापासून आतले विमानतळ. ती मर्यादा प्रपोजलमधे स्वतः लिहा, परीक्षकाने शोधून काढायच्या आधी. फक्त एक बघून घ्या, तुमच्या नियमांत जमिनीवरची यंत्रणा चालते का. नसेल चालत तर हाच प्रॉब्लेम विमानाच्या आत आणा, म्हणजे दाराजवळचा हवेचा पडदा, खिडकीचं शटर, वरच्या स्किनचा रंग.

उष्णतेचं आणखी एक, हे मी प्रत्येक टीमला करायला लावते. सोनेगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण 315 मीटर. तिथली 45 डिग्रीची हवा आणि समुद्रसपाटीवरची 15 डिग्रीची हवा, दोन्हींची घनता आयडियल गॅसच्या सूत्राने काढा. बारा-तेरा टक्के कमी येते. म्हणजे पंखाला आणि इंजिनाला दोघांनाही तेवढी कमी हवा. त्यामुळे मे मधल्या दुपारी विमानाला तेवढीच लिफ्ट मिळवायला जास्त वेग लागतो, जास्त धावपट्टी लागते, नाहीतर वजन उतरवावं लागतं. युरोपातली टीम 15 डिग्रीचं स्टँडर्ड धरून बसेल, तुम्हाला हे अंगावर माहीत आहे. कोणतीही आयडिया असो, 45 ला ती कशी वागते हे एक पान लिहा.

आता ज्या ठिकाणी टीम्स आपटतात ती ठिकाणं, भरभर सांगते. पंख लांब केला की ड्रॅग कमी होतो हे सगळ्यांना पुस्तकातून कळतं, पण ए320 चा पंख शार्कलेटसकट (टोकाचा वर वळलेला भाग) 35.8 मीटरचा आहे कारण त्या वर्गाच्या गेटची मर्यादा 36 मीटर आहे, बोईंगच्या 777एक्सला तर त्यासाठी पंखाची टोकं दुमडायची सोय करावी लागली, जवळपास 72 चा पंख जमिनीवर 65 च्या आत येतो. केबिनमधे काही नवीन मटेरियल लावत असाल तर त्याला ज्योतीच्या टेस्टमधून जावं लागतं, भागानुसार 12 किंवा 60 सेकंद ज्योत धरतात आणि ती काढल्यावर ते किती वेळ जळतं, किती लांब जळतं ते मोजतात, मोठ्या पॅनलला उष्णता आणि धुराच्या टेस्ट वेगळ्या. सीटची मांडणी बदलत असाल तर पूर्ण भरलेलं विमान अर्धी दारं बंद असताना 90 सेकंदांत रिकामं व्हायला हवं. पाच पानांच्या प्रपोजलमधे तुम्हाला हे सिद्ध करायचं नाही, पण कोणती टेस्ट लागू होईल याचं नाव तरी हवं.

आणि माझा स्वतःचा आवडता प्रश्न, जो मी परीक्षक असले की नक्की विचारते: हे बंद पडलं तर विमान उडेल का? आमच्याकडे एमईएल असते, कोणती वस्तू नादुरुस्त असताना किती दिवस उडता येतं याची यादी. तुमची वस्तू बंद पडल्यावर विमान थांबत असेल तर एअरलाइन ती फुकटही घेणार नाही. बंद पडली तरी विमान पहिल्यासारखं उडत असेल, फक्त फायदा मिळत नसेल, तर दार उघडं आहे. सोलर पॅनलवालं त्या बाबतीत बरं होतं, पण पंखाच्या वरच्या स्किनला क्रॅक आहे का हे आम्ही डोळ्यांनी आणि प्रोबने बघतो, त्यावर तुम्ही 80 चौरस मीटर पॅनल चिकटवलं तर मी बघू कुठून? हे तुमच्या प्रपोजलमधे यायला हवं होतं.

विंड टनेलबद्दल. नाही तर नाही, त्याने कोणी बाद होत नाही. पहिल्या फेरीत विंड टनेलचा डेटा क्वचितच कोणाकडे असतो. माणसं बाद होतात ती न समजलेल्या चित्रांमुळे. काही वर्षांपूर्वी मी एका टीमला मार्गदर्शन करत होते, कॉलेजचं नाव घेत नाही. पोरं हुशार, मेहनती. कॉलेजातून त्यांना सांगण्यात आलं की रिपोर्टमधे सीएफडीची (हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर काढायची पद्धत) रंगीत चित्रं हवीत, त्याशिवाय वजन येत नाही. पोरांनी दोन रात्री जागून पंखाच्या टोकाच्या विंगलेटची लाल-निळी चित्रं काढली. मी तेव्हा म्हटलं की ठीक आहे, टाका. फायनलला परीक्षकांनी एकच विचारलं, मेश (हिशोबासाठी हवेचे पाडलेले छोटे चौकोन) दुप्पट बारीक केल्यावर ड्रॅगचा आकडा किती बदलला? पोरांनी मेश एकदाच केला होता. शांतता. त्यांचं हाताने केलेलं वजनाचं टेबल इतकं सुंदर होतं, त्याकडे मग कोणी वळलंच नाही, आणि मी त्या दिवशी चित्रं काढून टाका म्हणायला हवं होतं ही गोष्ट मला अजून लागते. म्हणून सांगते, सीएफडी करायचंच असेल तर तीन मेशवर करा आणि आधी एखाद्या माहीत असलेल्या एअरफॉइलवर (पंखाच्या आडव्या कापाच्या आकारावर) पडताळा. तेवढा वेळ नसेल तर करूच नका. पुठ्ठा, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि थर्मामीटर वापरून केलेलं मोजमाप, तारखेसकट, वेळेसकट, माझ्यासाठी जास्त किमतीचं आहे.

एरो ब्रांच नसल्याचंही तसंच. लिफ्ट, ड्रॅग, वजन, रेंज यांची तोंडओळख दोन आठवड्यांत होते. मेकॅनिकलवाल्यांना हीट ट्रान्सफर येतं, मटेरियल येतं, आणि वर मी जे दोन प्रॉब्लेम सांगितले ते दोन्ही तुमच्याच विषयातले आहेत. एक गोष्ट मात्र करा, ज्याने विमानाला प्रत्यक्ष हात लावलाय असा एक माणूस शोधा आणि त्याला प्रपोजल वाचायला द्या. नागपुरात आता अशी माणसं पुष्कळ आहेत, मिहान आल्यापासून तर नक्कीच. विचारलं तर बहुतेक नाही म्हणत नाहीत, आम्हाला कोणी विचारत नाही हीच आमची तक्रार असते.

सुधारणा म्हणजे विमानच बदललं पाहिजे असं डोक्यात असेल तर नागपूरचीच एक गोष्ट सांगते. 1949 मधे रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चार दिशांनी रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत परत आपापल्या शहरात. विमानं होती तीच. फक्त कोणीतरी नकाशा समोर ठेवून बघितलं की मधे नागपूर आहे. तुमच्या कॉम्पिटिशनमधे ऑपरेशन्सचा विभाग असेल तर त्याकडे दुय्यम म्हणून बघू नका.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर मी असं वाटेन: पहिला दीड आठवडा फक्त लोकांशी बोलणं आणि प्रॉब्लेम नक्की करणं, त्यात तुमचं सोलरचं गणित पूर्ण करून बाजूला ठेवणं. पुढचे दोन आठवडे एक नमुना आणि मोजमाप. मग एक आठवडा वाढतं काय याचं टेबल, किलो, मिनिटं, रुपये, तपासणी. उरलेलं लिहिणं. लिहायला शेवटचे तीन दिवस ठेवले तर भाषा घाईची होते आणि परीक्षकाला ती दिसते. परीक्षा मधे येत असतील तर हे सगळं मागेपुढे करावं लागेल, ते तुमचं तुम्ही बघा.

आता राहिली बी.कॉम.वाली मैत्रीण. तिला अजिबात काढू नका. एपीयूचं एक मिनिट किती रुपयांचं, विमान एक दिवस हँगरमधे जास्त राहिलं तर एअरलाइनचं काय जातं, तुमच्या वस्तूची किंमत किती वर्षांत वसूल होते, हा हिशोब तुम्हा तिघांना जमणार नाही, म्हणजे जमेल पण नीट जमणार नाही. तिला पहिल्या दिवसापासून वजनाच्या टेबलवर बसवा, प्रत्येक किलोसमोर रुपये लिहायला सांगा, आणि तिला न समजलेलं एकही वाक्य प्रपोजलमधे ठेवू नका. टेबल तयार झालं की इथंच टाका, मी वाचून सांगते, रविवारी माझी ड्यूटी नसते.